चूकभूल द्यावी, पण घ्यावी किती?

कंपनी चुकली की पत्रक निघतं. मोबाईलवरचा लाडका चेहरा चुकला की ओल्या डोळ्यांचा व्हिडिओ येतो. माफी मागणं आज इतकं सोपं झालंय की खरी माफी कोणती आणि वेळ मारून नेणं कोणतं, हे ओळखायचं काम आता तुमच्या-आमच्यावर येऊन पडलंय.

"माझ्या भावना नाही गं दुखावल्या, गुडघा दुखावला!"

जबलपूरच्या घमापूर भागात राहणारी माझी मावशी हे वाक्य इतक्या शांतपणे बोलली की आधी मला हसूच आलं. मग तिच्या पायाकडे पाहिलं आणि हसू मावळलं.

मावशीचं वय अडुसष्ट. काका गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाले. मुलं बाहेरगावी. दुपारचा वेळ जायला हातात मोबाईल आला आणि त्यात एक गोड बोलणारी मुलगी आली. ती रोज सकाळी 'आईच्या वयाच्या सगळ्या मैत्रिणींना' आरोग्याचे सल्ले द्यायची. सांधेदुखीवर एक चूर्ण घ्या म्हणायची. ते पोटात जात असताना 'त्या केमिकलच्या गोळ्या' कशाला, असंही हळूच सांगायची. मावशीने चूर्णाची चार पाकिटं मागवली आणि रक्तदाबाची गोळी बंद केली. कुणाला न सांगता. तीन आठवड्यांनी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. हाड मोडलं नाही हे नशीब. पण गुडघा सुजला तो सुजलाच, आणि डॉक्टरांनी काकांसमोर झाडलं ते वेगळंच.

तक्रारी वाढल्यावर त्या मुलीचा माफीचा व्हिडिओ आला. चेहऱ्यावर रंगरंगोटी नाही, अंगात पांढरा कुर्ता, आवाज कापरा. "माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी मनापासून माफी मागते." चूर्णाचं नाव नाही, गोळ्यांचा उल्लेख नाही, पैसे परत करण्याची भाषा नाही. खाली हजारो लोकांनी तिला धीर दिला होता. धीराची खरी गरज होती ती घमापुरात, पलंगावर पाय लांब करून बसलेल्या बाईला.

वाचकहो, हा किस्सा एकट्या मावशीचा नाही. म्हणूनच प्रश्न पडतो, जाहीर माफी म्हणजे नेमकं काय? ती कुणासाठी असते? आणि ऐकणाऱ्याने ती कितपत पदरात घ्यावी?

जबलपूरची न मागितलेली माफी

गंमत अशी, की माफीच्या या साऱ्या चर्चेत जबलपूरचं नाव एकदा देशभर गाजलं ते माफी मागण्यावरून नव्हे, न मागण्यावरून.

२०१९ च्या जुलैअखेरीची गोष्ट. श्रावणाचे दिवस. जबलपूरच्या एका ग्राहकाने झोमॅटोवरून जेवण मागवलं. घेऊन येणारा मुलगा हिंदू नाही हे कळताच त्याने दुसरा माणूस पाठवा म्हणून सांगितलं. कंपनीने नकार दिल्यावर ऑर्डर रद्द केली आणि ही हकिकत ट्विटरवर जाहीर केली. एरवी ग्राहक रागावला की कंपन्या 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे ठरलेलं वाक्य चिकटवून मोकळ्या होतात. इथे तसं झालं नाही. अन्नाला धर्म नसतो, अशा आशयाचं उत्तर कंपनीने जाहीरपणे दिलं. संस्थापक दीपिंदर गोयल यांनीही, आपल्या मूल्यांसाठी धंदा गेला तरी खेद नाही, असं सांगितलं. कौतुक झालं तसे बहिष्काराचे नारेही घुमले, आणि जबलपूर पोलिसांनी त्या ग्राहकाला समज देण्याची तयारी केली.

यातून एक साधी गोष्ट कळते. समोरचा चिडला म्हणजे आपण चुकलोच असं नाही. चूक नसताना मागितलेली माफी ही भीती असते.

पण हीच कंपनी पुढे खरोखर चुकली तेव्हा काय झालं? ऑक्टोबर २०२१ मध्ये तामिळनाडूतल्या एका ग्राहकाला ग्राहकसेवेतल्या कर्मचाऱ्याने, हिंदी राष्ट्रभाषा आहे, थोडीफार तरी यायला हवी, असं सुनावलं. गदारोळ झाला. कंपनीने तमिळ आणि इंग्रजीत माफी मागितली आणि कर्मचाऱ्याला कामावरून काढल्याचं जाहीर केलं. काही तासांतच गोयल यांनी निर्णय फिरवला. ही चूक शिकण्यासारखी आहे, नोकरी घालवण्यासारखी नाही, असं म्हणत कर्मचाऱ्याला परत घेतलं. मार्च २०२४ मध्ये शुद्ध शाकाहारी जेवणासाठी हिरव्या गणवेशातली वेगळी माणसं नेमायची टूम काढली. त्यामुळे लाल गणवेशातल्या मुलांना काही सोसायट्यांत त्रास होईल असा आक्षेप आला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला.

एकूण काय, एकाच कंपनीने एकदा ठाम नकार दिला, एकदा माफी मागितली आणि एकदा माघार घेतली. तिन्ही प्रसंगांत खरा प्रश्न एकच होता: दुखावलं कोण जातंय? खालच्या पायरीवरच्या माणसाचा बळी देऊन वरच्यांनी हात झटकले, तर त्याला माफी कसं म्हणायचं?

माफीचा आकार केवढा?

आपल्याकडे माफीची सर्वांत गाजलेली मोजणी झाली ती सर्वोच्च न्यायालयात, आणि तीही अक्षरशः आकाराने.

पतंजली आयुर्वेदच्या जाहिराती दिशाभूल करतात आणि आधुनिक वैद्यकाची बदनामी करतात, अशी याचिका इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये केली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने न्यायालयात हमी दिली आणि तरीही जाहिराती, वक्तव्यं सुरूच राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस निघाली. एप्रिलमध्ये बाबा रामदेव आणि आचार्य बाळकृष्ण यांना जातीने हजर राहावं लागलं. न्या. हिमा कोहली आणि न्या. अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या पीठाने त्यांची पहिली माफीनामे स्वीकारली नाहीत.

मग ६७ वर्तमानपत्रांत माफी छापून आली. न्यायालयाने विचारलं, तुमच्या जाहिराती एवढ्याच आकाराच्या असतात का? सूक्ष्मदर्शक घेऊन वाचावी लागेल अशी माफी चालणार नाही, असाही सूर होता. दुसऱ्याच दिवशी मोठ्या आकाराची माफी प्रसिद्ध झाली. पुढे १३ ऑगस्ट २०२४ रोजी माफी स्वीकारून अवमानाचं प्रकरण बंद झालं.

न्यायालयाचा हा प्रश्न घरोघरी वापरण्यासारखा आहे. चूक चारचौघांत आणि माफी कानात, हे चालत नाही. जेवढ्या मोठ्याने चुकलात, तेवढ्या मोठ्याने 'चुकलो' म्हणा.

'जर-तर'च्या माफीचंही तसंच. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशचे मंत्री विजय शाह यांनी कर्नल सोफिया कुरेशी यांच्याबाबत केलेल्या वक्तव्याची जबलपूरच्याच उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवायला सांगितलं. मंत्र्यांनी माफी मागितली होती. पण १९ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, आणि ही कसली माफी, असा सवाल केला. कारवाई टाळण्यापुरते ढाळलेले अश्रू न्यायाधीशांनाही ओळखता येतात.

चॉकलेटमधली अळी

महाराष्ट्राला माफीपेक्षा मोठा धडा मिळाला तो २००३ मध्ये. त्या वर्षी ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने माल जप्त केला. घरोघरी आयांनी मुलांच्या हातातली चॉकलेटं काढून घेतली. भेटीचे डबे दुकानात पडून राहिले.

कंपनीचं पहिलं उत्तर तेच होतं, जे सगळ्यांचं असतं. आमच्या कारखान्यात दोष नाही, दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. त्यात तथ्य असेलही. पण अन्न व औषध प्रशासनाचा साधा प्रश्न होता: मग वेष्टन असं का, की ज्यातून अळी आत जाऊ शकते? आणि आईला दुकानदार कोण नि कारखानदार कोण याच्याशी काय देणं-घेणं? तिच्या दृष्टीने पाकिटावर नाव होतं कॅडबरीचं.

हे कंपनीला उमगलं, तेव्हा चित्र पालटलं. 'प्रोजेक्ट विश्वास' नावाची मोहीम निघाली. माल कसा साठवायचा हे दुकानदारांना समजावलं गेलं. २००४ च्या सुरुवातीला आतून ॲल्युमिनियमचं, घट्ट बंद केलेलं नवं वेष्टन बाजारात आलं. त्यानंतर अमिताभ बच्चन पडद्यावर आले आणि कारखान्यातली काळजी प्रेक्षकांना दाखवू लागले. क्रम लक्षात घ्या. आधी वेष्टन बदललं, मग मोठा चेहरा आणला. उलटं केलं असतं तर बच्चनसाहेबांचीही मात्रा चालली असती की नाही, शंकाच आहे.

जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत याहून जुनं एक उदाहरण शिकवतात. १९८२ मध्ये अमेरिकेत शिकागो परिसरात कुणा माथेफिरूने टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कुप्यांत सायनाइड मिसळलं आणि सात जणांचा बळी गेला. जॉन्सन अँड जॉन्सनचा यात दोष नव्हता. तरी कंपनीने देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख कुप्या परत मागवल्या आणि उघडली तर लगेच कळेल अशा मोहोरबंद कुप्या आणल्या. आज औषधाच्या बाटलीचं झाकण फिरवताना 'कट्' असा आवाज येतो, त्यामागे ही शोकांतिका आहे.

आता अगदी ताजं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले होते आणि त्यासाठी लागणारी आखणी कंपनीने पुरेशी केली नव्हती. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. लग्नघरची माणसं, परीक्षेला निघालेली पोरं, अंत्यसंस्काराला निघालेले नातेवाईक विमानतळांवर सामानावर डोकं टेकून झोपले. मुख्य अधिकारी पीटर एल्बर्स यांनी व्हिडिओवरून माफी मागितली. पण तिकिटाचे पैसे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत परत करा, असा आदेश मंत्रालयाला काढावा लागला. 'सॉरी' चटकन आलं, पण पैशांसाठी सरकारी काठी लागली. प्रवाशाच्या मनात काय राहिलं असेल, ते सांगायला नको.

कॅमेऱ्यासमोरचे अश्रू

कंपनीला निदान कार्यालय असतं, दारावर पाटी असते. मोबाईलवरच्या मंडळींचं, ज्यांना आता इन्फ्लुएन्सर म्हणतात त्यांचं, दुकान म्हणजे त्यांचा चेहरा. चूक चेहऱ्याची, माफीही चेहऱ्याचीच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंडियाज गॉट लेटेंट' या कार्यक्रमात रणवीर अलाहाबादिया याने आई-वडिलांबाबत अश्लाघ्य प्रश्न विचारला आणि देशभर संताप उसळला. त्याने माफीचा व्हिडिओ टाकला. माझं बोलणं अयोग्य होतंच, पण विनोदीही नव्हतं, असं कबूल केलं, आणि सफाई देत बसणार नाही असंही म्हटलं. यात 'जर'ला जागा नव्हती, हे मान्य करायला हवं. तरी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलंच.

आपल्या मराठी मुलखालाही हे नवं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये 'बिग बॉस'मध्ये जान कुमार सानू मराठी भाषेबद्दल वेडंवाकडं बोलला. ते प्रक्षेपित केल्याबद्दल कलर्स वाहिनीला लेखी माफी द्यावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये विनोदवीर मुनव्वर फारुकी याने कोकणी माणसांबद्दल वापरलेल्या शब्दांवरून व्हिडिओद्वारे क्षमा मागितली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर कहरच झाला. अभिनेत्री पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्याची बातमी तिच्याच खात्यावर आली आणि दुसऱ्या दिवशी ती जिवंत हजर! कर्करोगाबाबत जागृतीसाठी हे केलं म्हणे. मोहिमेत सहभागी असलेल्या श्बँग या जाहिरात संस्थेने कर्करोगग्रस्त आणि त्यांच्या आप्तांची माफी मागितली. ज्या घरातून खरोखर कुणी गेलं असेल, त्या घराने ही 'जागृती' कशी गिळली असेल?

पण याच दुनियेत माफीला हातपाय फुटल्याचं एक उदाहरणही आहे. समय रैना आणि आणखी काही विनोदवीरांनी दिव्यांग आणि दुर्धर आजाराच्या रुग्णांची टिंगल केल्याविरुद्ध 'क्युअर एसएमए' ही संस्था न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्वतःच्याच वाहिन्यांवर विनाअट माफी मागायला सांगितलं. म्हणजे जिथे चूक केली तिथेच. नोव्हेंबरमध्ये न्यायालय आणखी पुढे गेलं. दिव्यांगांच्या यशोगाथा सांगणारे कार्यक्रम करा, त्यातून उपचारांसाठी निधी उभा करा, असं सांगितलं. आपल्या जुन्या भाषेत याला प्रायश्चित्त म्हणतात. क्षमा तोंडाने मागायची असते, प्रायश्चित्त हाताने करायचं असतं.

माफीची थट्टा

या सगळ्यावर कडी म्हणजे नोव्हेंबर २०२५ मधली टूम. स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या मोटारींच्या नावांपासून कितीतरी कंपन्यांनी 'अधिकृत माफीपत्र' या मथळ्याची पत्रकं समाजमाध्यमांवर टाकली. वाचणारा दचकून वाचू लागायचा, तर आत मजकूर काय? आमचा माल इतका चांगला आहे की तुम्हाला त्याची सवय लागली, त्याबद्दल क्षमस्व!

थट्टा म्हणून ठीक. चार घटका करमणूक झाली. पण माफीच जाहिरात झाली, तर उद्या खरी माफी आली तेव्हा लोक ती वाचतील का? लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण पोरांना उगाच नाही सांगत.

(चौकट)
माफी मिळाली, पण नुकसानीचं काय?

- दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत काम करणाऱ्यालाही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्याला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा चुकल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. जाहिराती करण्यास एक वर्ष, पुढे तीन वर्षांपर्यंत बंदीही घालू शकतं.
- पैसे घेऊन केलेली शिफारस असेल तर ती जाहिरात आहे, हे स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेच्या ऑगस्ट २०२३ च्या नियमांनुसार आरोग्याचा किंवा गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने आपली पात्रताही सांगायला हवी.
- पहिला फोन करा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. बिल, पैसे भरल्याची पावती, व्हिडिओचा पत्ता आणि पडद्याचे फोटो आधी जपून ठेवा. माफी येते तेव्हा बऱ्याचदा मूळ व्हिडिओ गायब होतो.
- तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनी कुठल्याही गावची असो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.
- आयोग भरपाईबरोबर चुकीची दुरुस्ती करणारी जाहिरात द्यायलाही सांगू शकतो, तीही कंपनीच्या खर्चाने.
- डॉक्टरांनी दिलेली गोळी मोबाईलवरचा चेहरा सांगतो म्हणून बंद करू नका. हे कलम कायद्यात नाही, मावशीच्या अनुभवात आहे.
(चौकट समाप्त)

पेट ठीक है ना?

आता परत घमापूरला जाऊ.

मावशीचा व्हिडिओ पाहून झाला त्याच आठवड्यातली गोष्ट. काकांनी चौकातल्या एका दुकानातून खोव्याची जिलेबी आणली. जबलपूरला गेलात आणि ही काळसर, रसाळ जिलेबी खाल्ली नाही, तर तुम्ही जबलपूरला गेलाच नाहीत. पण त्या दिवशी खोवा आंबला होता. शेजारच्या दोन्ही पोरांचं पोट बिघडलं. काकांनी दुकानात जाऊन सांगितलं, भांडले नाहीत.

संध्याकाळी दुकानाचे म्हातारे मालक स्वतः दारात. हातात ताजा पुडा, वर पैशांचं पाकीट. पण पुडा देण्याआधी त्यांनी विचारलं, "माँ जी, बच्चों का पेट ठीक है ना?" मग काकांकडे वळून म्हणाले, "सुबह का खोआ मैंने ही देखा था, भाईसाहब. गलती मेरी है, लड़के की नहीं." त्या सकाळी माल कुणाकुणाच्या घरी गेला, त्याची चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. अजून पाच घरं बाकी होती. चहा न घेताच निघाले.

त्यांनी व्यवस्थापनाचा कुठलाही वर्ग केलेला नाही. पण पाहा, सगळं होतं त्यात. आधी माणसाची विचारपूस. मग 'मी चुकलो', त्यात 'जर' नाही. चूक नोकरावर ढकलणं नाही. पैसे परत, आणि ज्यांनी तक्रारच केली नाही त्यांच्याही दारी जाणं. ते जैन आहेत. पर्युषणानंतर क्षमावाणीच्या दिवशी गल्लीत घरोघर जाऊन हात जोडतात. आपण संक्रांतीला तिळगूळ देतो त्यामागे तरी दुसरं काय असतं? आपल्या जुन्या दुकानदारांच्या बिलाखाली 'चू. भू. द्या. घ्या.' लिहिलेलं असायचं. हिशेब चुकला असेल तर सांगा, आम्ही दुरुस्त करू, असा त्याचा अर्थ. त्यात देणंही होतं आणि घेणंही. आजच्या पत्रकांत 'भूल' तुमच्या पदरात आणि 'सहानुभूती' त्यांच्या, असा उफराटा हिशेब झालाय.

मी मावशीला १९१५ वर फोन लावून दिला. आधी ती नको म्हणत होती, "एवढ्याशा पैशांसाठी कुठे!" पण तक्रार नोंदवली. पाच आठवड्यांनी चूर्ण विकणाऱ्यांनी न उघडलेल्या दोन पाकिटांचे पैसे परत केले. व्हिडिओतल्या मुलीला लिहिलेल्या पत्राचं उत्तर मात्र आलं नाही. ती आता त्वचेच्या निगेबद्दल बोलते.

"झालं ना आता समाधान?" मी फोनवर विचारलं.

"पैसे आले गं," मावशी म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "पण गुडघा कसा आहे, हे काही कुणी विचारलं नाही."